सुमित्राबाईंनी सांगितलेला शेवट

सुमित्राबाई तांडेल यांना डोळ्यांना दिसलेलं तोंडाने सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेरूळच्या मासळी बाजारात दरवाजाच्या डाव्या हाताला त्यांची जागा. गिऱ्हाईक पाटीवर वाकायच्या आत त्यांचं सुरू झालेलं असतं. "आली बग सातव्या मजल्यावाली. चष्मा नवा हाय. बघते कोलंबीकडं, पन घेनार बोंबील." गिऱ्हाईक हसतं आणि बहुतेक वेळा बोंबीलच घेतं. बाहेर कोणता रिक्षावाला कोणाशी भांडतोय, मांजराने कोणाच्या पाटीतून काय उचललं, सगळं त्या सांगत असतात, कोणी विचारो न विचारो. शेजारची पाटीवाली एकदा म्हणाली, "सुमित्रे, तू मुकी झालीस तर आमी आंधळ्या होऊ."

वय सदुसष्ट. माहेर दिवाळे गावचं, सासर सारसोळ्याचं, म्हणजे जन्म आणि संसार एकाच खाडीच्या काठी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावाच्या मागे भात होता आणि पुढे भरतीचं पाणी शिरणारं खाजण. आता चहूकडे इमारती आहेत, आणि गाव मधे बसलंय, पंगतीला सगळ्यांत आधी येऊनही उशिरा आल्यासारखं अंग चोरून. खाडी तेवढी कोणाचं ऐकत नाही. दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते.

त्यांचे यजमान कमळाकर आता त्र्याहत्तरचे. होडी मुलाच्या हाती देऊन दहा वर्षं झाली, पण रोज सकाळी जेट्टीवर जाऊन पाण्याला तोंड दाखवून येतात. त्यांच्याकडे एक प्लास्टिकचा डबा आहे. डब्यात कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक ऑडिओ कॅसेट. गावात या कॅसेटला 'पुरावा' म्हणतात. तो कशाचा पुरावा, हे सांगायचं तर सदतीस वर्षं मागे जावं लागतं.

अठ्ठ्याऐंशी साली टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला 'बंदर सहा मैल' नावाची मालिका लागायची. तेरा भाग. गोष्ट नारबाची. नारबा लाँचवरचा सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, कमी बोलणारा, विडी ओढणारा, कोणाचंही संकट स्वतःच्या डोक्यावर घेणारा. गावात टीव्ही एकच होता, तांडेलांच्या घरी. कमळाकरना नारबाचं वेड लागलं. "हा नट नाय," ते म्हणायचे, "ह्याच्या हाताकडं बघा. दोर धरलेला हात लपत नाय."

पण भरतीला साडेसात कळत नाहीत. तेरांपैकी आठ गुरुवारी कमळाकर खाडीत जाळ्यावर होते. मग सुमित्राबाईंनी तोड काढली. दुबईहून चुलत दिराने आणलेला टू-इन-वन रेडिओ-टेप त्या मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसायच्या आणि भागाचा आवाज कॅसेटवर भरायच्या. नुसत्या आवाजावरून माणसाला काय कळणार, म्हणून मधे मधे स्वतः सांगायच्या: "आता नारबा दारात उभा हाय. छत्री मिटली. बायकोकडं बघत नाय, छपराकडं बघतो, गळतंय कुठं ते." पुढच्या फेरीला कमळाकर टू-इन-वन होडीत न्यायचे आणि जाळं टाकून झालं की वाजवायचे. आजूबाजूच्या होड्या वल्ही थांबवून जवळ यायच्या. कमळाकर म्हणायचे, टीव्हीत नारबा बारका दिसतो, सुमित्रा त्याला मोठा करून दाखवते.

तेराव्या, शेवटच्या भागाच्या दिवशी उधाण होतं. गावातले सगळे पुरुष खाडीत. घरात जमिनीवर गल्लीतल्या बायका आणि पोरं दाटीवाटीने बसलेली. पुरुष एकच, तोही आडवा. कमळाकरांचा जिवलग मित्र भगवान कोळी हिवतापाने घरी होता. शेवटचा भाग चुकायला नको म्हणून त्याची बायको सुंदराबाई त्याला घोंगडीत गुंडाळून घेऊन आली होती आणि तिने त्याला खाटेवर टाकलं होतं.

भागात वादळ आलं. दुसऱ्याची होडी सोडवायला नारबा लाँच घेऊन गेला. बायको धक्क्यावर कंदील घेऊन उभी राहिली. सुमित्राबाई सांगत होत्या, "लाट आली. कंदील हलतो. आता पान्यावर एक फळी..." आणि त्यांचा अंगठा आपोआप बटणावर गेला. रेकॉर्डर बंद झाला.

ती फळी नारबाच्या लाँचची होती. मागून आणखी फळ्या आल्या. नारबा आला नाही. भाग संपला, नावं वर सरकली, आणि घरात नाकं ओढण्याशिवाय दुसरा आवाज राहिला नाही.

सुमित्राबाई रडल्या नाहीत. त्या मांडीवरच्या टू-इन-वनकडे बघत राहिल्या. तांडेलांच्या घरात एक रीत होती, सासूच्या सासूपासून चालत आलेली. होडीत बुडाल्याची गोष्ट काढायची नाही. बुडालेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यावरचं गाणंसुद्धा म्हणायचं नाही. खाडी ऐकत असते. आणि ही कॅसेट उद्या होडीतच वाजणार होती.

त्यांनी टीव्ही बंद केला. "बायांनो," त्या म्हणाल्या, "हे होडीत वाजनार हाय."

एवढंच. पुढचं कोणाला समजवावं लागलं नाही. सुंदराबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग? आनूया का त्याला परत?"

सुमित्राबाईंनी बटण दाबलं. "फळी हाय पान्यावर," त्या म्हणाल्या. "अवं, आवाज गेला बगा टीवीचा. चित्र हाय, आवाज नाय. मी सांगते." तेव्हा टीव्हीचा आवाज असा अधूनमधून जायचाच, त्याचं कोणाला नवल नव्हतं. काळ्या काचेसमोर बसून त्यांनी त्या फळीला नारबाचे दोन हात दिले. मग डोकं. मग त्याला पोहायला लावलं. बायका ओरडायला लागल्या, "आला गो! नारबा आला!" सुंदराबाईने तर टाळ्या पिटल्या, तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. नारबा धक्क्यावर चढला. आता बायको त्याला काय म्हणेल? सुमित्राबाईंनी सांगितलं, "ती रडत नाय. ती कंदील त्याच्या तोंडाजवळ नेते. म्हनते, जेवन दोनदा तापवलं. आता तिसऱ्यांदा तापवनार नाय. चल."

कमळाकरनी ती कॅसेट दुसऱ्या दिवशी होडीत ऐकली आणि किनाऱ्याला आले ते नाचत. "बायको रडली नाय गो! जेवन दोनदा तापवलं म्हनाली! हे लिवनाऱ्याला मानला. असा एक शब्द लिवायला मानूस पाहिजे." पुढे सदतीस वर्षं ते हेच म्हणत राहिले, लग्नांत, बारशांत, जेट्टीवर. लिहिणाऱ्याची तारीफ चालू झाली की सुमित्राबाई चुलीकडे तोंड फिरवायच्या. आपल्याच पोराचं कौतुक दुसऱ्याच्या नावाने ऐकावं तसं त्यांचं व्हायचं, गोड लागायचं आणि घशात अडकायचं.

राहिला भगवान. ताप उतरल्यावर तो जेट्टीवर आला आणि म्हणाला, "वाईट झालं रे नारबाचं." कमळाकर हसले. भगवान चिडला. "अरे गेला तो! मी या डोळ्यांनी बघितलं!" प्रकरण बायकांपुढे आलं. एकेका बाईने शपथेवर सांगितलं की नारबा आला. "आनि भगवानभावजी? ते झोपलेले. तापात बरळत होते." सुंदराबाईकडे सगळ्यांनी पाहिलं. ती भगवानची लग्नाची बायको. तिने खाली बघून सांगितलं, "झोपलेले."

त्या दिवसापासून भगवानचं नाव 'तापातला भगवान' पडलं. दोघांची मैत्री तुटली नाही, पण तिला एक खडा लागला तो लागलाच. भगवानने ग्रामस्थांच्या बैठकीत तोंड उघडलं की मागून कोणीतरी विचारायचा, "थर्मामीटर आनू काय?" तो गेली सदतीस वर्षं खरं बोलत होता आणि गेली सदतीस वर्षं लोक हसत होते. कमळाकर सर्वांत मोठ्याने. कॅसेट ऐकायला मात्र भगवानने कधी कान दिला नाही. "खोट्या पुराव्याला मी बसनार नाय," म्हणायचा.

मालिका पुन्हा कधी लागली नाही. ज्या टेपांवर ती होती त्यांच्यावर पुढे दुसरं काही भरलं गेलं असावं. तेव्हा टेप महाग होती आणि कार्यक्रम स्वस्त. बायका एकेक करून गेल्या. तेव्हाची पोरं इतकी लहान होती की त्यांना कॅसेटमधलाच शेवट आठवायचा. त्या रात्रीचं खरं जाणणारी तिघंच उरली. सुमित्राबाई, सुंदराबाई, आणि ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हता तो भगवान.

यंदाच्या जानेवारीत सुमित्राबाईंची नात जागृती खारघरच्या कॉलेजातून एक बातमी घेऊन आली. "आजोबा, तुमच्या नारबाला शोधतायत लोक. दोनशे चौदा जण!"

'हरवलेले भाग' नावाचा एक ग्रुप होता. जुन्या मालिकांचे पुसले गेलेले भाग शोधणारी ही माणसं. कोणाच्या माळ्यावरची व्हिडिओ कॅसेट, कोणा भंगारवाल्याकडचं खोकं, निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाचं कपाट, काही सोडत नव्हती. 'बंदर सहा मैल'चे बारा भाग त्यांनी जमवले होते. तीन पेणच्या एका डॉक्टरांकडे निघाले. दोन तर दोह्याहून आले. तिकडे राहणाऱ्या भावाला कोणीतरी सुक्या बोंबलांच्या पिशवीतून कॅसेट धाडली होती, तिला अजून वास होता म्हणे. तेरावा भाग कुठेच नव्हता. जागृतीने ग्रुपवर लिहिलं की आमच्याकडे त्याचा आवाज आहे. पाच मिनिटांत एकशे साठ उत्तरं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, ग्रुपकडून हादिया आली. वय अठ्ठावीस, राहणार खारघर, मूळ घर श्रीवर्धनकडचं. बेलापूरला एका ऑफिसात आवाजाचं एडिटिंग करायची. पाठीवरच्या सॅकमधून तिने एक कॅसेट डेक, लॅपटॉप आणि हेडफोन काढले आणि तांडेलांच्या स्टुलावर दुकान मांडलं.

कमळाकरनी डबा असा पुढे केला जसा देवळात नारळ करतात. "बाय, नीट धर. गावात एक मानूस हाय, भगवान. त्याला ताप येतो. त्याच्यासाठी तुझा शिक्का पाहिजे. तू शिकलेली हायेस, तू सांगशील ते त्याला मानावं लागेल."

"शिक्का कसला आजोबा? मी फक्त कॉपी करणार."

"तेच. कॉपी कर नि सांग नारबा आला म्हनून. रविवारी बोलवतो त्याला. सगळ्यांदेखत." आणि ते लगेच भगवानला आवतण द्यायला निघून गेले. जागृतीही मागोमाग गेली, मजा बघायला.

सुमित्राबाई स्वयंपाकघरात गेल्या. भाकरी थापायला घेतल्या, भूक कोणालाच नसताना. बाहेर हादिया हेडफोन लावून बसली होती. मधूनच हसायची. एकदा तर डोळे पुसले. मग हसणं थांबलं. तेवढाच तुकडा ती पुन्हा पुन्हा ऐकतेय हे सुमित्राबाईंना तिच्या बोटांवरून कळलं. थोड्या वेळाने ती आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आजी, एक विचारू? टेन्शन घेऊ नका."

"इचार."

"जुना टीव्ही चालू असला की त्याची बारीक घरघर असते. तुमच्या टेपवर सुरुवातीपासून आहे. फळी आली, तिथे एक खटका आहे. त्याच्यानंतर घरघर नाही." तिने आवाज आणखी खाली आणला. "आवाज गेला म्हणता तुम्ही, चित्र आहे म्हणता. पण आजी, तिथून पुढे टीव्ही बंदच आहे ना?"

भाकरी तव्यावर करपली. सुमित्राबाईंनी ती उलटली नाही.

सदतीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते अशा मुलीने, जी तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. होडी, रीत, काळी काच, भगवान. सांगताना त्यांना वाटलं होतं की लाज वाटेल. वाटलं उलटंच, पाटी उतरवल्यासारखं.

"ते तेवढं कापता येतं काय गो तुला?" त्यांनी शेवटी विचारलं. "ती घरघर लावता येते काय पुढं?"

"येते. दहा मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही." हादियाने ओट्यावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं. मग म्हणाली, "आजी, मी या भागाच्या मागे का लागले सांगू? माझी नानी, करिमुन्निसा. तिने बारा भाग बघितले आणि तेराव्याला गावातली लाइट गेली. शेजारच्या गावात विचारायला गेली तर तिथेही गेलेली. आता ब्याऐंशीची आहे. दर ईदला मला विचारते, त्या सारंगाचं काय झालं ग? तुम्ही म्हणाल तसं मी करते. फक्त मला सांगा, नानीला काय सांगू?"

सुमित्राबाईंनी करपलेली भाकरी परातीत टाकली. नवऱ्याला खोटं सांगितलं, ते त्यांचं आणि नवऱ्याचं होतं. खाडीच्या भीतीने सांगितलं होतं, त्याच्यावरच्या मायेने सांगितलं होतं. पण श्रीवर्धनला कोणीतरी बाई सदतीस वर्षं दारात उभी आहे, तिला कोणत्या तोंडाने?

"रविवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या.

त्या तीन दिवसांत नेरूळच्या बाजारात काहीतरी बिघडल्यासारखं झालं. सुमित्राबाई बोलेनात. सातव्या मजल्यावाली कोलंबी घेऊन गेली. शेजारची पाटीवाली दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली. शुक्रवारी मासळी आटोपून त्या सुंदराबाईकडे गेल्या. सुंदराबाईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ती पंख्याखाली बसली होती.

"सुंदरे, मी सांगनार हाय."

"येडी झालीस?" सुंदराबाईने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "तुझा नवरा ओरडंल नि गप बसंल. माझ्या नवऱ्याचं काय? मी त्याच्या तोंडावर झोपला म्हनून शपथ घेतलीय. सदतीस वर्षं एका चुलीवर जेवतोय आमी!"

"मंग तुझ्या मानसाला खोटा म्हनूनच मरू द्यायचा?"

"काय शानी हायेस," सुंदराबाई म्हणाली. "पन मी तुझ्या बाजूला बसनार. त्याच्या नाय."

रविवारी सकाळी दहाला तांडेलांच्या ओटीवर माणसं बसली. कमळाकर इस्त्रीच्या शर्टात. भगवान दारातल्या खुर्चीवर, हाताची घडी, निम्मा आत निम्मा बाहेर. सुंदराबाई काळ्या चष्म्याआड. हादियाने फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला आणि कॅसेट लावली.

घरघर आली. मग पोरांचा गलका, कोणीतरी कोणाला "सरक" म्हणालं, आणि त्या सगळ्याच्या वर तिशीतली सुमित्रा बोलायला लागली. जागृतीने तोंडावर हात ठेवला. "आजी, हा तुझा आवाज?" बायकांच्या घोळक्यातून एकेक आवाज ओळखू यायला लागला. "ही रखमा." "ही बघ, बाजीरावाची आई खोकतेय." गेलेल्या बाया आल्या, बसल्या, नारबासाठी जीव टांगणीला लावून पुन्हा ओरडल्या. भगवानची घडी सुटली. तो खुर्ची सरकवत पूर्ण आत आला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"कंदील हलतो," कॅसेटमधली सुमित्रा म्हणाली. "आता पान्यावर एक फळी..."

सुमित्राबाई उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

"काय गो?" कमळाकर म्हणाले. "आता तर खरी गंमत हाय."

"इथंच बंद केलेला मी. तेव्हा पन." त्यांचा आवाज बाजारातल्यासारखा नव्हता. "नारबा नाय आला. फळ्या आल्या. मी टीवी बंद केला नि पुढचं माझ्या मनानं सांगितलं. होडीत वाजनार होतं म्हनून. भगवानभावजी जागे होते. त्यांनी बघितलं ते खरं होतं."

कमळाकर कॅसेटकडे बघत होते, मग बायकोकडे, मग पुन्हा कॅसेटकडे.

"मंग गेला तो?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"तवाच?"

"तवाच."

त्यांनी मान हलवली. घरातलं माणूस गेल्याचं उशिरा कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. सुमित्राबाईंना वाटलं, आता ओरडतील, उठतील, डबा खाडीत फेकतील. कमळाकरनी डोकं वर केलं. त्यांच्या कपाळावर एक आठी होती, पण ती रागाची नव्हती, हिशेब लागत नसल्याची होती.

"थांब, थांब," ते म्हणाले. "तो आलाच नाय. मंग ते जेवन? ते दोनदा तापवलं, तिसऱ्यांदा तापवनार नाय, ते कोन म्हनालं?"

"मी."

"लिवनाऱ्यानं नाय?"

"तिथं लिवनारा नव्हताच. मीच व्हते."

कमळाकर उभे राहिले. खोलीतल्या एकेकाकडे त्यांनी पाहिलं, जणू आताच कोणीतरी त्यांच्या हातात मोठा घोळ मासा दिला होता आणि तो कोणाला दाखवू असं झालं होतं. "आयकलंत? हिचं हाय ते! सदतीस वर्षं मी त्या लिवनाऱ्याचे पाय धरायला निघालो होतो, नि ही मला भात वाढत होती!"

भगवान खाकरला. "ते ठीक हाय," तो म्हणाला. "माझं काय?"

सगळे त्याच्याकडे वळले. भगवान मात्र कमळाकरकडे बघतच नव्हता. तो सुंदराबाईकडे बघत होता.

"तू शपथेवर सांगितलंस."

"सांगितलं," काळ्या चष्म्याआडून उत्तर आलं.

"मी झोपलो म्हनून."

"थोडे झोपला होतात. सुरुवातीला."

"सुंदरे!"

"बरं, नव्हता झोपलात! जागे होतात टक्क! झालं?" आणि सुंदराबाईला हसू फुटलं. ते आवरेना. सुमित्राबाईंनाही फुटलं. त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला, तो जागृतीने उचलला. भगवान घुश्शात उभा होता, पण त्याच्या मिशीचं एक टोक हलायला लागलं होतं.

"लाव ग पुढची," तो हादियाला म्हणाला. "मी कधी आयकलीच नाय. बघू तरी माझ्या मित्राला कसं फसवलंय."

कॅसेट पुढे गेली. खटका. शांतता. मग फळी, हात, डोकं, बायकांचा जल्लोष. आणि त्या जल्लोषाच्या तळाशी एक घोगरा आवाज, अगदी स्पष्ट: "अरे कुटं आला? टीवी तर बंद..." आणि पुढचं कोणाच्या तरी पदरात दबलेलं.

"हा मी!" भगवान ओरडला. "हा मीच! आयका! सांगतोय की मी!"

"मला वाटायचं तापात बरळतोयस," कमळाकर पुटपुटले. "शंभरदा आयकलं असंल. मला वाटायचं ताप."

ते चपलाही न घालता दाराबाहेर गेले, गल्लीच्या मधोमध, आणि पूर्वी होडीतून होडीला हाक मारायचे त्या आवाजात ओरडले, "आयका रे! अठ्ठ्याऐंशी साली भगवान जागा होता! त्याला ताप होता, पन तो जागा होता! नारबा गेला! भगवान खरा!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गॅलरीत आला. "काय झालं काका? कोण गेलं?"

"नारबा!"

"अरेरे. कधी?"

"सदतीस वर्षं झाली! तुला काय करायचंय? भगवानला ताप नव्हता एवढं ध्यानात ठेव!" आणि ते पुढच्या दाराकडे निघाले.

"अरे गप! लोक काय म्हनतील?" भगवान मागून धावला. "मला होता ताप, तो नव्हता म्हनू नकोस! नीट सांग!" दोघांचे आवाज गल्लीतून लांब लांब जात राहिले, एक सांगणारा, एक दुरुस्त करणारा.

घरात हादियाने फोन सुमित्राबाईंपुढे सरकवला. "आजी, आता खरा शेवट. नानीसाठी. घरात चालेल ना?"

"घर हाय हे. होडी नाय." सुमित्राबाईंनी पदर सारखा केला, मांडी घातली. नजर समोरच्या भिंतीवर गेली, जिथे तेव्हा टीव्ही होता. "करिमुन्निसाबाय, आयका. पान्यावर फळी आली. मंग दुसरी आली, तिच्यावर लाँचचं अर्धं नाव व्हतं. तिकडं धक्क्यावर बायको उभी हाय. लोक येतात, तिला घरी चल म्हनतात. ती जात नाय. उजाडतं. मंग तिच्या हातातला कंदील इझतो नि..."

"इझत नाय!"

भगवान दारात उभा होता, धापा टाकत, घामाने भिजलेला. कोणत्या तरी घराच्या उंबऱ्यावरून त्याला आपलं काहीतरी राहून गेल्याचं आठवलं असावं.

"कंदील इझत नाय. उजाडलं तरी चालूच ठेवते ती. खाली ठेवते, पायाशी, नि वात वाढवते. मी बघत होतो. तुमी सगळ्या तेव्हा रडत होतात, तुमाला दिसलं नाय."

सुमित्राबाईंनी आठवून पाहिलं. पदर, नाकं, डोळ्यांतलं पाणी. खरंच, ते शेवटचं चित्र त्यांना नीट दिसलंच नव्हतं. त्या बाजूला सरकल्या आणि हाताने जमीन झटकून जागा केली.

"बसा भावजी," त्या म्हणाल्या. "तुमी सांगा."

भगवान बसला, फोनकडे वाकला आणि घसा साफ केला.